रानातलं जुनं घर वाढवताना



भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं.
त्या जलाशयाच्या आसपास, रानात, जुनी कौलारू घरं दिसतात.

अशा घराला एखादी खोली जोडायची आहे?
मग आधी पाणी पाहा.
भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा.
डोंगरावरचं पाणी कुठून येतं?
कुठे तुंबतं?
नकाशा त्यानंतर काढा.

आता भिंतीचं.
जुन्या भिंतीचा पाया केव्हाच बसलेला असतो.
नवा पाया मात्र अजून थोडा बसणार असतो.
दोन्ही भिंती एकजीव केल्या, की सांध्यावर तडा जातो.
म्हणून मध्ये बोटभर फट सोडा.
ती लवचिक भरावानं बुजवा.
गवंडी कुरकुरेल.
कुरकुरू द्या!

दगडमातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको.
आतली ओल कोंडते, आणि पोपडे सुटतात.
चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो.

जुनं आणि नवं छप्पर भिडतं, तिथे पत्र्याची रुंद पन्हळ बसवा.
रानातला पालापाचोळा तिथेच अडकतो.
मग पाणी उलटं घरात शिरतं.
मे महिन्यात शिडी लावून ती साफ करा.

पुन्हा सांगते, आधी पाणी पाहा.
घरात येणारं, तसंच घरातून जाणारंही.
सांडपाण्याचा शोषखड्डा तलावापासून लांब हवा.

आणि परवानगी?
इथला बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.
पाया खणण्याआधी ग्रामपंचायत आणि वनखात्याकडे चौकशी करा.
आड येणारं झाड तोडायचं असेल, तरीही.