खुर्चीवर कोणाचं नाव?



आज एका खुर्चीबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात लांबून करतो.

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामिमलई गाव आहे. तिथे पंचधातूच्या मूर्ती घडवतात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओततात. घडवणाऱ्याला लोक आदराने 'स्थपती' म्हणतात. आता आपल्या धारावीत या. चामडं कापणारे, शिवणारे हात तितकेच तयार आहेत. पण त्यांच्या जातीचं नाव शिवी म्हणून वापरलं जातं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितलं, की जात ही केवळ श्रमाची नाही, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि तीही वरखाली लावलेली. कारागिरीसुद्धा त्याच उतरंडीवर बसवलेली आहे.

सुधीर राजभर यांनी या शिवीलाच हात घातला. कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचं, स्वतः वाढले मुंबईत, कांदिवलीच्या वस्तीत. कलाशिक्षण घेतलं, इतर कलावंतांच्या हाताखाली काम केलं. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कायदा गोठ्यावर झाला, पण घाव चामड्याच्या धंद्यावर पडला. कातडं कमी, काम कमी. तेव्हा राजभर धारावीतल्या कारागिरांकडे गेले. चामड्याऐवजी टाकाऊ टायर-ट्यूबपासून केलेलं रबर आणलं. कापण्याचं, शिवण्याचं कसब तेच. पिशव्या झाल्या, मग खुर्च्या. नाव ठेवलं 'चमार स्टुडिओ'. डिसेंबर २०२४ मध्ये 'डिझाइन मायामी' प्रदर्शनात गायिका रिहाना त्यांच्या खुर्चीवर बसली आणि ते छायाचित्र जगभर फिरलं.

टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. गावात जे नाव तोंडावर फेकलं जातं, ते आता महागड्या वस्तूवर अभिमानाने उभं आहे. ही छोटी गोष्ट नाही. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरीही ओरड झाल्यावरच श्रेय मिळालं. वस्तू उचलायची आणि माणूस मागे ठेवायचा, ही रीत जुनीच आहे.

पण आपण चळवळीतले लोक. आपल्याच माणसालाही प्रश्न विचारायचे असतात. राजभर स्वतः भर समाजाचे, तो समाज उत्तर प्रदेशात ओबीसीत मोडतो. गावाकडे त्यांनी 'भर-चमार' अशी जोडशिवी ऐकली, म्हणून हे नाव घेण्याचा त्यांना हक्क आहे, असं मला वाटतं. तरी ज्यांच्यावर अत्याचाराची पहिली कुऱ्हाड पडते, त्यांचं मत आधी ऐकलं पाहिजे. आणि दुसरा प्रश्न, माझ्या मते जास्त मोठा: नाव समाजाचं लागलं, पण रबर कापणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव कुठे आहे? स्वामिमलईत स्थपती नावाने ओळखला जातो. धारावीतला कारागीर अजून 'कारागीर'च.

म्हणून आपली मागणी साधी असू द्या. वस्तूवर घडवणाऱ्याचं नाव, नफ्यात वाटा, आणि त्याच्या पोरीला हवा तो धंदा निवडायची मोकळीक. तिला खुर्ची करायची असेल तर करू दे. नसेल करायची, तर तिला खुर्चीवर बसू दे.

जय भीम.