इंजिन कापायच्या आधी: एका वितीचा प्रश्न

पनवेलहून मी पुन्हा तुमच्यासोबत. आजचा विषय मॉडेल रेल्वे.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय. नोकरी लागल्यावर त्याने पैसे साठवून एचओ स्केलचं इम्पोर्टेड डिझेल इंजिन घेतलं, त्याला आपल्याकडचा रंग दिला. पण रुळावर ठेवलं की ते काही आपलं वाटत नाही. आता विचारतोय, "चाकं बाहेर सरकवून ब्रॉडगेज करू का?" इंजिन महागाचं आहे आणि एकदा कापलं की अनडू नाही. म्हणून आधी गणित करू.

एचओ म्हणजे १:८७. खरी वस्तू ८७ पट लहान. तयार एचओ ट्रॅकमध्ये दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. डलहौसीच्या काळात ठरलं आणि १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती त्याच्यावरच. १६७६ भागिले ८७ म्हणजे साधारण १९.३ मिमी. फरक फक्त २.८ मिमी! पण खऱ्या रुळांवर तो २४ सेंटिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ एक वीत. पनवेल स्टेशनच्या पुलावरून रोज रूळ बघणाऱ्याच्या डोळ्याला ती वीत खटकते. त्यामुळे मित्राची तक्रार खरी आहे.

मग करता येईल का? डिझेल असेल तर येईल. प्रत्येक चाक १.४ मिमी बाहेर न्यायचं. मूळ ॲक्सल तेवढा लांब नसतो, म्हणून नवा लांब ॲक्सल लागतो. गिअर मधोमध असतो, तो तिथेच राहू द्या. बोगीच्या बाजूच्या फ्रेम बाहेर सरकवाव्या लागतात. रुळातला करंट चाकांवरून मोटरपर्यंत नेणाऱ्या पातळ पट्ट्या पुन्हा वाकवाव्या लागतात. दोन रुळांत उलट पोलॅरिटी असते, म्हणून चाक आणि ॲक्सलमधलं इन्सुलेशन जपायचं, नाहीतर सरळ शॉर्ट सर्किट. आणि मोजायचं ते चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, व्हर्नियरने, प्रत्येक ॲक्सलवर. एकही ॲक्सल चुकला तर गाडी सांध्यावर उतरणार.

वाफेचं इंजिन असेल तर हात जोडा. तिथे चौकट, सिलिंडर, दांडे सगळंच एकमेकांत अडकलेलं. गेज अक्षरशः हार्डकोडेड!

पण खरा खर्च इंजिनात नाहीच, ट्रॅकमध्ये आहे. १९.३ मिमीचा तयार ट्रॅक दुकानात मिळत नाही. पीसीबीच्या पट्ट्यांचे स्लीपर कापा, त्यावर रूळ सोल्डर करा, प्रत्येक सांधा हाताने घडवा. शिवाय बदललेलं इंजिन मित्राच्या लेआउटवर धावणार नाही, विकायलाही जड जाणार. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून. ते जरूर बघा. इतक्या गाड्या एकत्र चालतात तेव्हा कॉमन स्टँडर्ड म्हणजे काय ते कळतं.

म्हणून माझं उत्तर: इंजिन कापू नको. प्रश्न उलटा कर. मिळणाऱ्या ट्रॅकवर आपली कुठली रेल्वे बसते?

पनवेलच्या पूर्वेला प्रबळगडामागे माथेरान. नेरळहून वर जाणारी १९०७ सालची गाडी ६१० मिमी गेजची. १:८७ मध्ये ७ मिमी. तयार ट्रॅक ६.५ किंवा ९ मिमीचा. म्हणजे जवळ आहे, पण नेमकं नाही.

आता बार्शी लाइट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने उभारलेली, १८९७ ला सुरू झालेली, गेज ७६२ मिमी. पुढे ती लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिने पंढरीला नेल्या. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६. एन गेजचा तयार ट्रॅक ९ मिमीचा. फरक पाव मिलिमीटरचा! कुणाच्या डोळ्याला दिसणार?

म्हणजे काय करायचं? एन गेजचं साधं डिझेल घ्यायचं. त्याची बॉडी सहसा स्क्रू किंवा क्लिपवर असते, ती काढून जपून ठेवायची. खालच्या चॅसीवर १:८७ च्या मापाची नवी बॉडी प्लास्टिक शीट कापून बसवायची. चाकं, गिअर, मोटर कशालाच हात नाही. फसलं तर जुनी बॉडी परत. माणसं, घरं मात्र एचओचीच चालतात.

आणि एक गोष्ट. कुर्डुवाडीची ती छोटी लाइन आता पूर्ण ब्रॉडगेज झालीय. लोकांची सोय झाली, चांगलंच झालं. पण लहान रुळांवरची ती गाडी आता तिथे दिसणार नाही. ब्रॉडगेज बघायला पनवेल स्टेशन आहेच. बार्शीची गाडी चालताना बघायची असेल तर टेबलावर कुणीतरी ती बनवायला हवी.

तर मित्रा, ते महागाचं इंजिन आहे तसंच १६.५ वर पळव. वीतभर फरक राहू दे. आणि बाकी कुणी हे करून बघितलं तर फोटो नक्की पाठवा, स्केल लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!