निगेटिव्ह वळते तेव्हा

घरी रोल धुणाऱ्यांची नेहमीची तक्रार: वाळलेली निगेटिव्ह पन्हळीसारखी वळते, स्कॅनरवर काही केल्या सपाट बसत नाही. फिल्मच्या एका बाजूला जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो, वाळताना आक्रसतो; खालचं प्लॅस्टिक मात्र तितकं हलत नाही. म्हणून फिल्म जिलेटिनच्या, म्हणजे कमी चकाकणाऱ्या बाजूकडे वळते. हवा जितकी कोरडी, तितकी जास्त.

तेव्हा हेअर ड्रायरचा मोह टाळाच. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे थेंब टाका, फिल्म न्हाणीघरात टांगा आणि खालच्या टोकाला वजनदार चिमटा लावा. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात आधी गरम पाणी सोडून थोडी वाफ करून घ्या. तरंगणारी धूळही त्यानं खाली बसते. कोकणातल्या पावसाळ्यात चिंता उलटी: ओल राहिली तर बुरशी.

तरीही वळलीच, तर पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घाला आणि जाडजूड शब्दकोशाखाली काही दिवस दाबून ठेवा. घाई असेल, तर न कापलेली, पूर्ण वाळलेली फिल्म चकचकीत बाजू आत घेऊन सैल गुंडाळा आणि रात्रभर राहू द्या. इस्त्री मात्र चुकूनही नको.