पदवीनंतरचा विद्यारंभ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या कित्येक घरांची चूल बँकेतील नोकरीवर पेटली. परंतु २०१६ साली ‘यूपीआय’ ही पद्धती सुरू झाली, भाजीवालीच्या पाटीपर्यंत पैशाची देवघेव मोबाईलवरून होऊ लागली, आणि खातेवहीपुढील खुर्ची डळमळली. म्हणून आपले काही पदवीधर ‘फिनटेक’, म्हणजे वित्ततंत्राची विद्या शिकू पाहतात. “आता या वयात पुन्हा शाळा?” हा प्रश्न त्यांना घरातूनच विचारला जातो.

आमचे उत्तर असे की, ही विद्या त्यांना सर्वस्वी परकी नव्हे. रक्कम एका खात्यातून वजा झाली, पण दुसऱ्यात जमा झाली नाही, तर ती चूक हुडकणारास जमाखर्चाची जाण लागतेच. ज्याने दहा वर्षे ताळा जुळविला, त्याच्यापाशी ती आहे. उणीव आहे ती ‘एसक्यूएल’, ‘पायथन’ अशा संगणकीय भाषांची. मात्र भरमसाट शुल्कासाठी कर्ज काढण्यापूर्वी सहा महिने स्वतःची पारख करावी. ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरील अनेक पाठ विनामूल्य ऐकता येतात.

आपला विद्यार्थी-निधी पंचविशी ओलांडलेल्यास मिळत नाही. संसाराचा भार वाहून, लोकलच्या गर्दीतून घरी परतल्यावर रात्री पुस्तक उघडणारा गृहस्थ, अथवा गृहिणी, विद्यार्थी नव्हे काय? हा नियम मंडळाने बदलावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.