आखूड, लांब आणि शोभेसे

डिचोली तालुक्यातील मये गावी भाताची लावणी हाताने होते तेव्हा चिखलात उतरणारी बाई लुगडे वर खोवून त्याचा काठ पोटरीच्या वर घेते. तीच बाई देवळात उत्सवाला निघते तेव्हा काठ घोट्यापर्यंत उतरलेला असतो. शेतात आखूड नेसली म्हणून तिला कोणी निर्लज्ज म्हणत नाही आणि देवळात लांब नेसली म्हणून कोणी तिला जुनाट ठरवीत नाही. काठ कोठे असावा हे तेथे काम ठरविते, प्रसंग ठरवितो आणि मुख्य म्हणजे नेसणारी स्वतः ठरविते. स्त्रीच्या वस्त्राची कड चार बोटे वर असावी की खाली, यावर जगात जेवढा काथ्याकूट झाला तेवढा दुसऱ्या कोणत्याही चार बोटांविषयी झाला नसेल. त्या वादाचे निम्मे उत्तर लावणीच्या शेतात केव्हाच मिळालेले आहे.

त्या बाईची कॉलेजात जाणारी मुलगी मात्र अधिक पेचात असते. तिच्या कपाटात कुर्ता आहे, स्कर्ट आहे, एखादा झगा आहे आणि सणासुदीला नेसायची साडीही आहे. हातातील मोबाइलवर तिला दर महिन्यास नवी लांबी दिसते. तिच्या मनात दोन प्रश्न असतात. सध्या कोणती लांबी चालू आहे, हा पहिला; आणि आपल्याला कोणती शोभते, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एकच आहेत असे तिला वाटू लागले, की शिंप्याचा आणि दुकानदाराचा फायदा होतो आणि तिचा तोटा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी बदलते. दुसऱ्याचे उत्तर तिच्या अंगकाठीत असते आणि ते फारसे बदलत नाही.

पहिल्या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई पडली, तेव्हा ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशनिंग आले आणि झगे आखूड व कमी घेराचे झाले. युद्ध संपल्यावर पॅरिसच्या क्रिस्तियाँ दियोर यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये लांब आणि प्रचंड घेराचे झगे लोकांपुढे आणले. ब्रिटनमध्ये तेव्हाही रेशनिंग चालूच होते. ते १९४९ साली उठले. लोक काटकसरीने दिवस काढीत असता एका झग्यात एवढे वार कापड घालवावे, याचा अनेकांना संताप आला. अमेरिकेतील डॅलस शहरच्या स्त्रियांनी तर त्याच वर्षी ‘गुडघ्याच्या किंचित खाली’ अशा अर्थाच्या नावाचा एक क्लब काढून नव्या लांबीला उघड विरोध केला. तरीही लांब झगा काही वर्षे गाजला. पुढे साठीच्या दशकात लंडनच्या मेरी क्वांट आणि पॅरिसचे आंद्रे कुरेज यांच्या काळात तो गुडघ्याच्याही वर चढला आणि ‘मिनी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. १९७० साली व्यापाऱ्यांनी पोटरीपर्यंतचा ‘मिडी’ मोठ्या जाहिरातीने बाजारात आणला. अमेरिकेतील स्त्रियांनी तो घेतलाच नाही आणि माल दुकानांत पडून राहिला.

या साऱ्यातून घ्यावयाचा बोध असा, की फॅशन म्हणजे वरून आलेली आज्ञा नव्हे. ती एक सूचना असते. घेणाऱ्यांनी ती घेतली तर चालते, नाकारली तर मरते. कित्येकांनी तिचा संबंध अर्थव्यवस्थेशीही जोडला आहे. व्यापार तेजीत असला की कड वर चढते आणि मंदी आली की खाली उतरते, अशी एक समजूत पाश्चात्त्य देशांत पुष्कळ वर्षे प्रचलित आहे. रॉटरडॅमच्या विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी १९२१ ते २००९ या काळातील झग्यांची लांबी आणि व्यापाराची स्थिती ताडून पाहिली आणि २०१० साली निष्कर्ष मांडला. समजुतीत काही तथ्य आहे, परंतु कड अर्थव्यवस्थेच्या मागून सुमारे तीन वर्षांनी हलते, असे त्यांना आढळले. म्हणजे दुकानातील ‘आजची’ लांबी ही बहुधा परवाच्या परिस्थितीची सावली असते. तिच्यासाठी जिवाचा आटापिटा करण्याचे कारण नाही.

गोव्यात तर काठाचा प्रश्न केवळ फॅशनचा कधीच नव्हता. इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती झालेल्या येथील पुरुषांना धोतर नेसण्याची आणि स्त्रियांना चोळी घालण्याची मनाई केली होती. मये आणि सारी डिचोली त्या काळी पोर्तुगीज अमलाबाहेर होती. तो प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादीत कायमचा सामील झाला. परंतु मयेशेजारच्या नार्वे गावाहून नदी ओलांडली की दिवाडी बेट लागते, आणि ते जुन्या काबिजादीत होते. एका तरीच्या अंतरावर अंगावरचे वस्त्र बदलावे, असा हा हुकूम होता. तथापि हुकूमनामा कागदावर राहिला आणि वस्त्र आपल्या वाटेने गेले. ख्रिस्ती गावडा व कुणबी स्त्रियांनी खांद्यावर गाठ मारून नेसावयाचे आपले तांबड्या चौकड्यांचे कापड पुढेही सोडले नाही. शेतात वाकावयाचे, डोक्यावर ओझे घ्यावयाचे, म्हणून ते पोटरीपाशीच थांबे. त्याच गोव्यातील सधन ख्रिस्ती घरांत पानो-भाजू हा पोशाख आला. त्यातील पानो पायघोळ होता, कारण तो मांडो नृत्याच्या संथ पावलांचा साथी होता. एकाच धर्माच्या स्त्रियांत काठाच्या दोन उंची सुखाने नांदल्या, त्या कामाच्या भेदामुळे.

या भागात सात बहिणींची एक लोककथा सांगतात. मयेची महामाया, मुळगावची केळबाई, शिरगावची लईराई आणि मोरजीची मोरजाई या तिच्यातील बहिणी. आणि एक बहीण म्हापशाची मिलाग्रिस सायबीण. एकीच्या दारी लुगडी-साड्या येतात, दुसरीच्या दारी झगे येतात, तरी बहिणींचे नाते लोकांनी तोडले नाही. काठाच्या उंचीवरून मुलीची जात, धर्म वा चारित्र्य मोजू पाहणाऱ्यांनी ही कथा एकदा लक्षपूर्वक ऐकावी. वेंडेल रॉड्रिग्स या गोव्याच्या वेषकाराने कुणबी साडीकडे जगाचे लक्ष वेधले आणि २०१२ साली ‘मोडा गोवा’ हा गोव्याच्या वेषभूषेचा इतिहास प्रसिद्ध केला. ज्या आखूड कापडाला शहरी माणसे गावठी म्हणत, त्याला त्यामुळे मानाचे स्थान मिळाले. २०२० साली त्यांचे निधन झाले.

मराठी मुलखातही काठ फिरत राहिला. कासोट्याची नऊवारी मागे पडून पाचवारी गोल साडी आली, तेव्हाही घरोघरी कुरबुर झालीच. चित्रपटाने तर गावोगावच्या मुलींना नवे आरसे दिले. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी ‘वक्त’ या १९६५ सालच्या चित्रपटासाठी साधनाला तंग कमीज आणि चुडीदार शिवला, आणि तसा वेष देशभर शिवला जाऊ लागला. याच भानू अथय्यांना १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेसाठी ऑस्कर मिळाले. १९७३ सालच्या ‘बॉबी’ने आखूड झग्यातील गोंयकार मुलगी पडद्यावर आणली आणि ठिपक्यांच्या पोलक्यांची लाट उसळली. कमीज पुढे सैल व लांब झाली, मग कुर्ती होऊन आखडली आणि पुन्हा पोटरीपर्यंत उतरली. जी मुलगी प्रत्येक वेळी जुने कपडे टाकून नवे घेत बसली, तिच्या हाती कपड्यांचे गाठोडे राहिले. जिने आपली लांबी ओळखली, तिचे दहा वर्षांपूर्वीचे कपडेही अंगावर शोभले.

तेव्हा दुसऱ्या आणि खऱ्या प्रश्नाकडे वळावयास हवे. कड जेथे थांबते तेथे पाहणाऱ्याची दृष्टी थांबते, हे यातील मूळ सूत्र होय. पाय गुडघ्याखाली निमुळता होतो, पोटरीशी भरतो आणि घोट्याच्या वर पुन्हा निमुळता होतो. कड निमुळत्या जागी आली तर पाय सडसडीत दिसतो. पोटरीच्या ऐन भरावावर आली तर तोच पाय जड आणि मुलगी ठेंगणी दिसते. म्हणून बुटक्या बांध्याच्या मुलीने झगा गुडघ्यापाशी तरी ठेवावा, नाही तर घोट्याच्या किंचित वर तरी न्यावा; मधली उंची उंच मुलींसाठी सोडावी. लांब कुर्त्याखाली पोटरीपर्यंतचा घेरदार स्कर्ट घातला तर शरीराचे दोन सारखे तुकडे पडतात. वरचे आखूड आणि खालचे लांब, किंवा वरचे लांब आणि खालचे अंगासरशी, अशी जोडी अधिक शोभते. रुंद काठाची साडी उंच मुलीला खुलते. ठेंगणीने बारीक काठ घ्यावा. अंगाने भरलेल्या मुलीने सैल कपड्यांत स्वतःला लपवू नये, कारण सैलपणा अंग झाकीत नाही, तो वाढवून दाखवितो. खांद्याला आणि छातीला बेताचे बसलेले व खाली सरळ पडणारे वस्त्र तिला चांगले दिसते.

कड मोजण्याचीही एक रीत आहे. पुष्कळ मुली कमरेपासून खाली माप घेतात आणि मग झगा मागे वर उचललेला का दिसतो याचे नवल करतात. कमरेखालचा उठाव कापड खेचून घेतो, हे त्याचे कारण. माप जमिनीपासून वर घ्यावे. जी पादत्राणे नेहमी घालावयाची ती घालून सरळ उभे राहावे आणि दुसरीने फूटपट्टी जमिनीवर उभी धरून चहूबाजूंनी खडूची खूण करावी. तिरक्या कापाचा वा छत्रीसारख्या घेराचा स्कर्ट असेल तर तो एक दिवस टांगून ठेवावा, मग दुमड घालावी. कारण तिरके कापड आपल्याच भाराने उतरते. सुती कापड आटते, ते शिवण्याआधीच भिजवून वाळवावे. साडी नेसताना आधी चपला घालाव्यात, मग निऱ्या काढाव्यात. हे नियम साधे आहेत, परंतु महागड्या कापडाला जे साधत नाही ते त्यांनी साधते.

आरशापुढे उभे राहून पाहणे एवढ्याने कसोटी पुरी होत नाही. मयेच्या मुलीला बसची उंच पायरी चढावयाची असते, वर्गात तासन्‌तास बसावयाचे असते आणि पावसाळ्यात तांबड्या मातीचे शिंतोडे चुकवीत चालावयाचे असते. म्हणून नवा कपडा घालून एकदा बसावे, एकदा वाकावे, एकदा जिना चढावा. जो कपडा दर पाच मिनिटांनी खाली ओढावा लागतो तो फार आखूड आहे. जो दर दहा पावलांनी उचलून धरावा लागतो तो फार लांब आहे. स्कूटरवर मागे बसावयाचे असेल तर काठ, ओढणी आणि पदर आवरूनच बसावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही दुचाकीच्या मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी आवश्यक ठरविलेली आहे, ती मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणूनच. काठाविषयी कायद्याने काही बोलावयाचेच असेल तर ते असे बोलावे.

कारण काठाविषयी बोलणारे नेहमीच पुष्कळ असतात. २०१४ साली गोव्यातील एका मंत्र्यांनी तरुणींच्या तोकड्या स्कर्टांवर जाहीर टीका केली आणि त्यावर देशभर वादंग माजले. १७३६ चा हुकूमनामा आणि ही टीका यांची मापे निराळी असतील, परंतु मापपट्टी परक्या हाती असणे हे दोहोंत समान आहे. उलट बाजूला जाहिरातवालेही आहेत. ते सांगतात, की अंग उघडे टाकल्याशिवाय आधुनिक होता येत नाही. एक झाक म्हणतो, दुसरा उघड म्हणतो. मुलीला काय सोयीचे आणि काय शोभेसे, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही. शालीनता ही इंचात मोजता येण्याजोगी वस्तू नव्हे. ज्या कपड्यात मुलगी स्वतःचे अंग विसरून कामात, अभ्यासात, बोलण्यात रमते तो कपडा शालीन होय, मग त्याची कड गुडघ्याशी असो वा घोट्याशी. देवळात, इगर्जीत, आजारी माणसाच्या घरी जाताना ती आपण होऊन काठ खाली घेईल, कारण तेथे इतरांचा मान राखावयाचा असतो. तो मान तिच्या समजुतीतून यावा. धाकातून आलेला मान उंबरठ्यापर्यंतच टिकतो.

आयांनी यात काय करावे? जुन्या काळी वाढत्या मुलीचे परकर आणि झगे शिवताना आई खाली दोन-तीन बोटे जास्तीचे कापड दुमडून ठेवी आणि मुलगी उंच झाली की दुमड उसवून कपडा उतरवी. त्या जास्तीच्या कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. शिवणकामातील हा शब्द कोणी योजला कोण जाणे, पण तो अचूक आहे. मुलगी वाढणार, बदलणार, आज तिला हवी असलेली लांबी उद्या नको होणार, हे आधीच ओळखून जागा ठेवणे यालाच माया म्हणावयाचे. माया न ठेवता शिवलेला कपडा वर्षभरात अंगावर काचतो आणि शिवणीत फाटतो. आईने दुमड ठेवावी, टाके सैल घालावेत आणि ते केव्हा उसवावयाचे हे मुलीला शिकवावे. कात्री आणि फूटपट्टी मात्र शेवटी मुलीच्याच हाती द्यावी.