फ्लॅट आपला, जमीन कोणाची?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)

अध्यक्ष महोदय, सभासद बंधू-भगिनींनो आणि जेवणाच्या पानांकडे डोळे लावून बसलेल्या बालमित्रांनो!

‘कोथरूडमधले घर : एक गुंतवणूक’ या विषयावर बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. बँकेत उभी हयात गेली, तेव्हा हिशेबच मांडतो.

१९९९ साली मी इथे बुकिंग केलं तेव्हा कर्जाचं व्याज १३ टक्के होतं. आमचे सासरे पेठेतले. ते म्हणाले, “अहो जावईबापू, वनाजच्या पुढे का कोणी राहतं?” २०२२ मध्ये त्याच वनाजहून मेट्रो सुरू झाली. आज एजंट भाव सांगतो तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगते.

पण मंडळी, भाव कशाचा वाढला? गच्ची गळते, लिफ्ट कुरकुरते, प्लास्टर सुटतं. बांधकामाची किंमत दरवर्षी कमीच होते. वाढली ती जमिनीची किंमत. म्हणजे आपली खरी गुंतवणूक जमिनीत आहे. आणि ती जमीन? प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे!

१९६३ च्या मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायला हवं. आपली पंचवीस वर्षं गेली. आधी “पुढच्या महिन्यात करू” असं उत्तर यायचं, नंतर तेही बंद झालं. यात माझीही चूक आहे. मी सहा वर्षं खजिनदार होतो. वकिलाचा खर्च नको म्हणून हा विषय मीच दोनदा पुढे ढकलला. तेव्हा शाबासकी मिळाली, आज लाज वाटते. उद्या पुनर्विकासाला निघालो, तर आपल्याच घरासाठी दुसऱ्याचं दार वाजवावं लागेल.

वाट मात्र आहे. २००८ च्या दुरुस्तीमुळे बिल्डर येवो न येवो, ‘मानीव अभिहस्तांतरण’, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मागता येतं. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. कायद्यानं त्यांना निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. अर्जाला सभासदांचे नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू जोडायचे असतात.

आपल्या ४८ पैकी ११ फ्लॅटचे कागद अजून आलेले नाहीत. कोणी परदेशात आहे, कोणी भाडेकरू ठेवला आहे, कोणाचा करार बँकेत अडकला आहे. झेरॉक्स चालेल, पण येत्या रविवारी ऑफिसात आणून द्या. शेजारी भेटला नाही तर त्याला फोन करा. कपाट उघडायचा कंटाळा तेवढा करू नका.

सुवर्णमहोत्सवाला मी असेन-नसेन. प्रॉपर्टी कार्डावर मात्र आपल्या सोसायटीचं नाव असायला हवं.

आता पानं घ्यायला हरकत नाही!