शहाण्याने पायरी चढावी



कॉलेजच्या आवारात मुलं सुरक्षित कशी राहतील, हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशाला, असं दोघातिघांनी मला विचारलं. त्यांना मी म्हटलं, जुलै-ऑगस्टात आपल्या नानाखेड्याच्या बसस्टँडवर जरा उभे राहा. इंदूरच्या बसमध्ये मुलं चढत असतात. आई चिवड्याचा डबा आणि शेवेचं पाकीट पिशवीत कोंबते. वडील खिडकीशी जाऊन सूचना देतात आणि बस हलता हलता शेवटची सूचना ठरलेली असते : "कुणाच्या मध्ये पडू नकोस."

आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

माधव कॉलेज आपल्यापैकी कित्येकांच्या घरातलं आहे. शिंदेशाहीबरोबर माळव्यात आलेल्या घरांतल्या पिढ्या तिथे शिकल्या. मुक्तिबोध तिथले विद्यार्थी, प्रभाकर माचवे तिथे शिकवत. त्याच कॉलेजात 26 ऑगस्ट 2006 रोजी विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून गोंधळ झाला, प्राध्यापकांना मारहाण झाली आणि राज्यशास्त्राचे विभागप्रमुख प्रा. हरभजनसिंग सभरवाल यांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. भरदिवसा, कॉलेजात, माणसांच्या गर्दीत. त्या गोंधळाची दृश्यं सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली.

पुढे काय झालं, ते आपण विसरत चाललो आहोत. साक्षीदार एकामागून एक फिरू लागले. सरांच्या मुलाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. इथे निर्भयपणे खटला चालणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मार्च 2008 मध्ये न्यायालयाने खटला मध्य प्रदेशाबाहेर, नागपूरला हलवला. जुलै 2009 मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. तो निकाल आहे आणि मी त्याच्यापलीकडे जाऊन कुणालाही दोषी म्हणणार नाही. पण मग प्रश्न उरतोच : एवढी माणसं तिथे होती, आणि न्यायालयात सांगायला पुरेसं कुणीच कसं उरलं नाही?

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या म्हणीत अनुभव आहे, हे मी नाकारत नाही. तारखा, खर्च, धमक्या सगळं खरं आहे. पण सगळेच शहाणे निघाले की काय होतं, ते उज्जैनने पाहिलं.

घटना घडली की नियम येतात. सभरवाल सर गेल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. उमेदवाराच्या खर्चाला 5000 रुपयांची मर्यादा, छापील पोस्टरांना बंदी, दहा दिवसांत सगळी निवडणूक पूर्ण. 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम आले. दर वर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही शपथपत्र द्यावं लागतं, ते त्यातूनच. आता गेटवर पहारेकरी आहे, जिन्यात कॅमेरे आहेत. हे सगळं हवंच. पण यातला प्रत्येक नियम "मी पाहिलं" असं म्हणणारा कुणीतरी पुढे आल्यावरच चालू लागतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. माझी मुलगी बाहेरगावच्या एका कॉलेजच्या होस्टेलवर होती. एका रात्री तिचा फोन आला. शेजारच्या खोलीत एका नवीन मुलीला सीनियर मुली रोज उशिरापर्यंत उभं करतात, तिच्याकडून कपडे धुऊन घेतात. "बाबा, मी वॉर्डनना सांगू का?" मी आयुष्यभर वर्गात धैर्यावर तास घेतलेला माणूस. मी म्हटलं, "तुझी परीक्षा जवळ आली आहे. तू मध्ये पडू नकोस." तिने ऐकलं. दिवाळीला घरी आली तेव्हा मी सहज विचारलं, त्या मुलीचं काय झालं? "ती कॉलेज सोडून गेली," एवढंच म्हणाली आणि ताटावरून उठली. त्या वर्षीच्या शपथपत्रावर माझी सही होती.

तेव्हापासून मी त्या वाक्याचे दोन भाग करतो. जमाव चाल करून येत असेल, हाणामारी चालू असेल, तर खरंच मध्ये पडू नये. मागे सरावं, 112 ला फोन करावा, जखमीला बाहेर काढता येईल तेवढं काढावं. तिथवर आपलं वाक्य बरोबर आहे. पण नंतरच्या दिवशी तेच वाक्य चुकीचं ठरतं.

नंतर काय करायचं, हे मुलांना शिकवता येतं. जे पाहिलं ते त्याच रात्री लिहून ठेवायचं : तारीख, वेळ, जागा, कोण होतं. मोबाईलमधलं चित्रीकरण पुसायचं नाही, आणि मजा म्हणून चारजणांना पाठवायचंही नाही. तक्रारीला एकट्याने जाऊ नये, दोघाचौघांनी मिळून जावं. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा क्रमांक आहे, तिथे नाव गुप्त ठेवून सांगता येतं. मुलीची छेडछाड झाली तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याला तो नोंदवून घ्यावाच लागतो.

आणि धमकी आली तर? 2006 मध्ये या प्रश्नाला नीट उत्तर नव्हतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. गंभीर गुन्ह्यातला साक्षीदार जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे संरक्षण मागू शकतो. कागदावरची योजना मागितल्याशिवाय दारात येत नाही. ती मागायला मुलाबरोबर आईवडिलांनी जायला हवं. वीस वर्षांच्या पोराला साक्षीला एकटं पाठवायचं आणि तो फितूर झाला की त्याला भित्रा म्हणायचं, हे बरं नाही.

शेवटी मुक्तिबोधांकडे येतो. 'अंधेरे में' या त्यांच्या दीर्घ कवितेत एक माणूस मध्यरात्री शहरातून निघालेली मिरवणूक पाहतो. तिच्यात गुंडांच्या बरोबरीने शहरातली प्रतिष्ठित माणसंही चालत असतात. त्याने आपल्याला पाहिलं, एवढ्याच कारणासाठी ती त्याच्या जिवावर उठतात. हे मराठी घरातल्या, माधव कॉलेजात शिकलेल्या माणसाने लिहून ठेवलं आहे. साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, याचं माझं उत्तर हेच : पाहिलेलं सांगणं हे साहित्याचं मूळ काम आहे.

पुढच्या जुलैत बसच्या खिडकीशी उभे राहाल, तेव्हा एवढंच म्हणा : "जपून राहा. आणि काही पाहिलंस तर आधी मला सांग. मी येतो, आपण दोघं जाऊ."

माझ्या मुलीला मी हे त्या रात्री म्हणायला हवं होतं.